टप उघडणारी गाडी आणि पाऊस: तुमचे प्रश्न

टप उघडणाऱ्या गाड्यांबद्दल, म्हणजे कन्व्हर्टिबलबद्दल, काय विचारायचंय ते विचारा असं म्हटलं होतं, तर आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, पाऊस. बरोबरच आहे म्हणा, कोरड्या दिवसांत या गाडीचं कौतुक करायला कुणाला शिकवावं लागत नाही, काळजी सुरू होते ती ढग भरून आले की. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे जास्त बोलायला हवं तिथे जास्त बोललेय. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते कारण ती पुढे सारखी येणार आहे: या गाडीत पाण्याचा थेंबही शिरू नये अशी ती बनवलेलीच नसते, थोडं पाणी टपाच्या कडेने आत उतरणार आणि ठरलेल्या वाटेने बाहेर जाणार हे धरूनच ती बनवतात. त्यामुळे पाणी अडवायला जेवढी धडपड करता त्यापेक्षा जास्त लक्ष त्या वाटेकडे आणि मागे राहिलेल्या ओलीकडे द्या.

प्रश्न: ताई, माझी दोन सीटची सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची, गाडी आहे. टप कुठेच गळत नाही, आतून हात फिरवून पाहिला, ठणठणीत कोरडा. तरी जोराचा पाऊस झाला की सकाळी सीटच्या मागे आणि पायाखाली पाणी असतं. गॅरेजवाला म्हणतो टपच बदलून टाका. खरंच बदलावा लागेल का?

थांबा, टप बदलायची घाई अजिबात नको, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तरी टपाचा दोष वाटत नाही, ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर न्यायच्या वाटा, तुंबलेत असं वाटतं. टपाच्या मागच्या कडेवरून जे पाणी ओघळतं ते जातं कुठे हे आधी बघा. सीटच्या मागे, कापडाच्या खाली, एक पन्हळ असते, ती पाणी गोळा करते आणि डावीउजवीकडच्या दोन भोकांत सोडते, तिथून नळीने ते गाडीच्या पोटाखाली, बहुतेक गाड्यांत मागच्या चाकाच्या आसपास, रस्त्यावर पडतं. ही भोकं जेमतेम बोटाएवढी. वर्षभर त्यात पाला, धूळ, फुलांचे परागकण, कापडाचे सुटलेले धागे असं काय काय जाऊन बसतं आणि पावसात त्याचा चिखल होऊन बूच बसतं. मग पाणी पन्हळीत साचतं, काठ ओलांडतं आणि आत. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला की जे होतं तेच. टप कोरडा आणि जमीन ओली हे कोडं असं सुटतं.

तपासायला काही लागत नाही. टप अर्धवट उचला म्हणजे मागचा भाग सैल होतो आणि टॉर्च मारून आत बघता येतं. हाताला लागेल तो पाला आधी काढा. मग कपभर पाणी हळूहळू त्या भोकाशी ओता आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडीखाली वाकून बघायला सांगा. पाणी सरळ धारेने खाली आलं तर ड्रेन मोकळा, थेंब थेंब आलं तर अर्धा तुंबलाय, आणि कप संपला तरी खाली काहीच नाही तर तुमचं उत्तर मिळालं. दोन्ही बाजू बघा हं, एक बाजू मोकळी असली म्हणून दुसरी असेलच असं नाही, आणि गाडी रोज ज्या बाजूला कलून उभी असते ती बाजू बहुतेक आधी भरते.

साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी सगळ्यात बरी, दोनतीन मिलिमीटर जाडीची, टोक जरा गरम करून गोल करून घ्या म्हणजे नळीला भोक पडणार नाही. हलक्या हाताने फिरवत फिरवत आत सारा, अडलं तर जोर नका लावू, बाहेर काढा, थोडं पाणी सोडा, परत सारा. काही गाड्यांत वरच्या तोंडाशी छोटी जाळी बसवलेली असते, ती उचलून नळाखाली धुतली की काम झालं. काहींत खालच्या टोकाला रबराची झडप असते, चिखल तिथेच अडून बसतो, ती खालून बोटाने दाबून मोकळी करावी लागते. एक मात्र करू नका, आणि गॅरेजवाल्यालाही करू देऊ नका: कंप्रेसरची हवा मारणं. आत नळीचा सांधा निसटतो, वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि पाणी मात्र थेट बॉडीच्या पोकळीत पडत राहतं, तेही तुम्हाला न कळता.

यावर इतकं बोलतेय त्याला कारण आहे. या गाड्यांना वर लोखंडी छत नसतं त्यामुळे दरवाज्याखालून पुढेमागे जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीवर बॉडीची बरीच ताकद अवलंबून असते, आणि ड्रेनचं चुकलेलं पाणी नेमकं त्याच पेटीत जाऊन बसतं आणि आतून गंज धरतो. दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल बॉक्स सीटखाली, कार्पेटच्या पातळीला आहे, ड्रेन तुंबून आत पाणी आलं की तो भिजतो आणि गाडी चालूच होत नाही. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ मध्ये तेलाच्या दाबाने टप उघडणारी हायड्रॉलिकची मोटर टपाच्या खोबणीत खाली बसवलेली आहे, तिथला ड्रेन बंद झाला की मोटर पाण्यात. या गाड्या ठेवणाऱ्यांना हे पाठ असतं. दोन्हीकडे सुरुवात मूठभर पाल्यापासून.

ड्रेन मोकळे केल्यावर कार्पेट उचलून बघायला विसरू नका. कार्पेटखाली जाड फोम असतो तो भरपूर पाणी धरून ठेवतो, वरून हात लावला तर कोरडं वाटतं आणि खाली तळं. शक्य असेल तर फोम बाहेर काढून उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा, आत ठेवून वाळेल म्हणून वाट बघत बसलात तर तो वाळत नाही, कुजतो.

प्रश्न: टप उघडा असताना पाऊस आला तर गाडी वेगात ठेवायची म्हणजे पाणी आत येत नाही असं मित्र सांगतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे. पुढच्या काचेवरून वारा वर उडतो आणि भुरभुर पावसाचे थेंब त्याच्याबरोबर डोक्यावरून मागे जातात, त्यामुळे पुढच्या दोघांना बऱ्यापैकी कोरडं राहता येतं, मागे कुणी बसलं असेल तर त्यांचा विचार करा. किती वेगाला हे जमतं ते काच किती तिरकी आणि किती उंच यावर, प्रत्येक गाडीचं वेगळं. पण हे भुरभुरीपुरतंच, आणि सिग्नल लागला की संपलं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर कोरडं राहायला म्हणून वेग वाढवू नका. ओल्या रस्त्यावर वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो, मग ना स्टिअरिंग ऐकत ना ब्रेक, आणि पावसाचे पहिले काही मिनिट तर रस्त्यावरच्या धुळीतेलाने सगळ्यात निसरडे असतात. बाजूला घ्या आणि टप लावा. बऱ्याच नव्या गाड्यांत ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत बटणाने टप लागतो, दहा ते वीस सेकंदांत, काहींत ६० पर्यंत चालतं, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. हाताने लावायचा टप असेल तर गाडी पूर्ण थांबवूनच, चालत्या गाडीत हवा टपाखाली शिरली तर सांगाडा वाकतो. दारात एक मायक्रोफायबर कापड असू द्या, आधी मधल्या कन्सोलवरची बटणं टिपा, मग सीट, लेदर असेल तर घासायचं नाही, टिपायचं.

प्रश्न: ओला टप घडी करून ठेवला तर काय होतं?

एखाद्या वेळी नाइलाजाने केला तर काही होत नाही, घरी पोचल्यावर लगेच उघडून वाळवा एवढंच. तसाच घडीत राहिला तर बुरशी धरते, काळे ठिपके पडतात ते पुढे निघता निघत नाहीत, आणि मागची काच प्लास्टिकची असेल तर घडीतल्या ओलीने ती धुरकट होते, शिवाय घडीत अडकलेली वाळू तिच्यावर चरे पाडते. जुन्या गाड्यांना ही काळजी जास्त, पहिल्या पिढीच्या मॅझ्दा एमएक्स-५ ला, १९८९ मध्ये आली ती, मागे चेन लावलेली प्लास्टिकची काच आहे, टप खाली घेण्याआधी चेन उघडून काच सपाट खाली घेतली तर ती खूप वर्षं टिकते. आणि एक, कापडी टप महिनोन्‌महिने घडीतच राहिला की आकसतो आणि मग पुढचा लॉक लागायला झटापट करावी लागते, म्हणून पाऊस नसेल तेव्हाही अधूनमधून लावून ठेवत जा.

प्रश्न: आधी पावसाचे थेंब टपावर मोत्यासारखे गोळा व्हायचे, आता कापड भिजून गडद होतं. आत अजून गळत नाहीये. वॉटरप्रूफिंग संपलं का? बाजारात मिळणारा कुठलाही स्प्रे मारला तर चालेल?

आधी घाबरू नका. चांगला कापडी टप तीन थरांचा असतो, वर विणलेलं कापड, आतल्या बाजूला दुसरं कापड आणि मध्ये रबराचा पातळ थर. पाणी खरं अडवतो तो मधला थर. वरच्या कापडावरचं कोटिंग गेलं म्हणजे लगेच आत धार लागणार असं नाही, पण कापड पाणी पितं, जड होतं, उशिरा वाळतं, आणि ओलसर कापडावर हिरवं शेवाळ आणि बुरशी यायला वेळ लागत नाही. म्हणून कोटिंग परत द्यायला हवंच.

पण धुतल्याशिवाय नाही. मळक्या कापडावर स्प्रे मारला की मळच आत बंद होतो आणि स्प्रे आठवडाभरात निघून जातो. सावलीत गाडी लावा, भरपूर साधं पाणी मारा, मऊ ब्रशने सौम्य शॅम्पू लावून विणीच्या दिशेने हळूहळू घासा, शिवणींच्या आणि काचेच्या कडेला जास्त वेळ द्या कारण शेवाळ तिथूनच सुरू होतं, आणि मग फेस पूर्ण जाईपर्यंत, पुन्हा सांगते पूर्ण जाईपर्यंत, पाणी मारा, साबण राहिला की कोटिंग धरत नाही. भांड्याचा साबण, ब्लीच, कपड्याची पावडर यातलं काही नको. प्रेशर वॉशर वापरलाच तर हातभर लांबून, आणि शिवणीवर किंवा रबरावर कधीच नाही. फिरत्या ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग आणि गरम वॅक्स कापडी टपाला चालत नाही.

वाळायला एक पूर्ण दिवस द्या. वरून हात लावला तर कोरडं लागतं पण शिवणीत ओल असते. मग टपासाठीचाच स्प्रे, पातळ दोन हात, आणि काच आणि रंगाचा पत्रा आधी झाकून घ्या, उडालेले थेंब वाळले की काचेवरून काढताना जीव जातो. तुमचा टप कापडाचा आहे का व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या रेक्झिनचा, हे बघून घ्या, दोघांची औषधं वेगळी, कापडाचा स्प्रे व्हिनाइलवर नुसता पसरून राहतो, मुरत नाही. नेमकं कधी परत मारायचं हे कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून ठरवा, थेंब बसायचे थांबले की वेळ झाली. आणि शिवणीतून गळत असेल तर स्प्रेने ते थांबत नाही, त्याला शिवणीत भरायचं वेगळं सीलर येतं.

प्रश्न: ड्रायव्हरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून नेमका खांद्यावर थेंब पडतो. रबर बदललं, तरी पडतोच. आता?

बदलण्याआधी काच बघायला हवी होती, पण असू दे, नवीन रबर वाया जात नाही. या गाड्यांच्या दरवाज्याला काचेभोवती फ्रेम नसते, काच नुसती वर येऊन रबरात दाबून बसते, म्हणून बऱ्याच गाड्यांत हँडल ओढलं की काच थोडी खाली येते आणि दरवाजा लागला की परत वर जाऊन रबरात घुसते. बॅटरी कमजोर असेल किंवा बॅटरी काढून लावल्यावर काच आपली जागा विसरली असेल तर ती पूर्ण वर जातच नाही, तो दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही पण पावसाला बरोब्बर सापडतो. काचेची पोझिशन पुन्हा शिकवायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक ठिकाणी काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं.

त्याने नाही झालं तर कागदाची पट्टी घ्या, रबर आणि काच यांच्यामध्ये धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. ओढताना अडली पाहिजे. जिथे सुळकन बाहेर येते तिथे काच दाबत नाहीये. असं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करत जा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून कळतं की काच आत झुकवायची आहे का वर घ्यायची आहे, ते ॲडजस्टमेंट दरवाज्याच्या आतल्या नटांनी होतं, ते मात्र माहितगार माणसाकडून करून घ्या.

आणि थेंब पडतो तिथेच गळतंय असं समजू नका. पाणी टपाच्या सांगाड्यावरून चालत जातं आणि भलतीकडे पडतं. पाण्याचा पाइप मंद सोडून खालून वर असं थोडं थोडं भिजवत जा, आत एकजण टॉर्च घेऊन, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरलेली असली तर पाण्याची पहिली रेघ लगेच दिसते. वरून एकदम सगळं भिजवलंत तर काहीच कळणार नाही.

रबराला सिलिकॉन ग्रीस किंवा रबरासाठीच बनवलेलं कंडिशनर लावा, पातळ थर, पावसाआधी आणि पावसानंतर. पेट्रोलियम जेली आणि गंज सोडवायचे स्प्रे रबराला लावू नका, आज मऊ वाटतं, नंतर रबर फुगून सैल होतं.

प्रश्न: पावसात गाडीत बसलं की काचा आतून पांढऱ्या होतात आणि कुबट वास येतो. परफ्यूम लावून बघितला.

परफ्यूम काढून टाका. वास ओलीचा आहे, आणि काचेवर जमतंय ते कार्पेटमधलंच पाणी आहे, वाफ होऊन वर आलेलं. ओल कुठे आहे ते शोधा, सीट मागे सरकवून कार्पेट दाबा, डिकीत स्पेअर टायरचा खड्डा बघा, तिथे पाणी साचलेलं कुणाच्या लक्षातच येत नाही. तोवर चालवताना एसी चालू ठेवा, थंडीत हीटरबरोबर सुद्धा, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा. सिलिका जेलच्या पिशव्या उभ्या गाडीत उपयोगी पडतात पण भिजलेला फोम त्यांनी वाळत नाही, त्यांच्यावर विसंबू नका. ओल गेल्यावर वास आपोआप जातो, आणि उघडीप मिळेल तेव्हा टप उघडून गाडी उन्हात ठेवण्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

प्रश्न: गाडी उघड्यावर उभी असते. प्लास्टिकची ताडपत्री टाकली तर?

नको. खालून येणारी वाफ ताडपत्रीखाली अडकते, टप आत घामेजतो, आणि वाऱ्याने ताडपत्री हलून रंग घासतो. हवा खेळणारं कव्हर घ्या, तेही कोरड्या गाडीवरच चढवा. झाडाखाली लावू नका, सावली मिळते पण पाला ड्रेनमध्ये जातो आणि चीक कापडात मुरतो. उतारावर लावत असाल तर एकदा पाऊस पडताना बघा पाणी कुठल्या बाजूला ओघळतंय, कधीकधी गाडीचं तोंड फिरवून लावलं तरी गळती थांबते.

प्रश्न: माझ्या गाडीचा टप पत्र्याचा आहे, घडी होऊन डिकीत जातो. मला यातलं काहीच करायची गरज नाही ना?

बुरशीची आणि वॉटरप्रूफिंगची काळजी मिटली हे खरं. घडी होणारं पत्र्याचं छत नवीन नाही, प्यूजोने १९३० च्या दशकात एक्लिप्स नावाने आणलं होतं, मग १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर ते सगळीकडे दिसायला लागलं. पण पत्रा दोनतीन तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्ये रबर, म्हणजे कापडी टपापेक्षा सांधे जास्त. रबर कोरडं पडलं की त्याला भेगा पडतात, आधी कुरकुर आवाज येतो आणि त्याच्या पुढच्या पावसात थेंब. कुरकुर ऐकू आली की ग्रीस लावा. ड्रेन तुम्हालाही आहेत, आणि डिकीच्या झाकणाभोवती वेगळे. टप उघडताना वर साचलेलं पाणी डिकीतल्या सामानावर येतं, तर उघडण्याआधी एकदा पुसून घ्या.

प्रश्न: पावसात टप लावायला गेलो आणि अर्ध्यात अडकला. ना वर ना खाली. अशा वेळी काय करायचं?

बटण सारखं सारखं दाबू नका, मोटर गरम होऊन तीही बंद पडेल. आधी इंजिन चालू आहे का बघा, कमी व्होल्टेजला बऱ्याच गाड्या टप हलवायलाच नकार देतात. मग डिकी. टपाची जागा वेगळी करणारा पडदा किंवा फळी जरा जरी निसटली असेल, किंवा एखादी पिशवी त्याच्या वर आली असेल, तर सेन्सर सगळं थांबवतो, आणि टप बंद पडला म्हणून ज्या गाड्या गॅरेजला जातात त्यातल्या कितीतरी या पडद्यापायी जातात. डिकी नीट लागलीय का, चारही काचा खाली आहेत का, हेही बघा, आणि मग फ्यूज.

नाहीच जमलं तर हाताने लावायची सोय असते, हायड्रॉलिकचं प्रेशर सोडायचा स्क्रू आणि एखादी ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची चावी, कुठे ते प्रत्येक गाडीत वेगळं, म्हणून ते पान आत्ताच, कोरड्यात, वाचा आणि एकदा घरी करून बघा. दोन माणसं लागतात. प्रेशर न सोडता टप ओढला तर सिलिंडर वाकतो, मग साधं काम मोठं होतं. गाडीत एखादी हलकी ताडपत्री ठेवली तर अशा वेळी निदान सीटवर टाकता येते, तात्पुरती हं, वरच्या उत्तरातलं लक्षात असू द्या.

प्रश्न: जुनी कन्व्हर्टिबल बघायला चाललोय. पावसाने आधीच खराब झालेली गाडी ओळखायची कशी?

शक्य झालं तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. दरवाजा उघडला की आधी वास घ्या, भरमसाट सुगंध मारलेला असेल तर जास्त सावध. मग सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. हे फार कमी लोक करतात. रोज दिसणारा वरचा पट्टा स्वच्छ असतो, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा पाण्याचे डाग, बुरशीचे ठिपके, कधी गंजाचा तांबूस रंग दाखवतो, कारण बऱ्याच गाड्यांत ते रीळ पन्हळीच्या अगदी शेजारी असतं आणि ड्रेन तुंबला की पहिला तोच भिजतो. कार्पेट शॅम्पू करून देता येतं, बेल्टचं हे टोक धुवायचं कुणाला सुचत नाही.

सीटचे बोल्ट आणि सरकायचे रूळ बघा, तिथे गंज म्हणजे आत पाणी उभं राहिलेलं आहे. दरवाज्याखालची पेटी बोटांनी खालून चाचपा, फुगवटे किंवा ताजं काळं कोटिंग लागलं तर का लावलं ते विचारा. गाडी जॅकवर एका बाजूने उचलली आणि दरवाजा उघडबंद व्हायला अडायला लागला तर बॉडी वाकतेय, म्हणजे पेटी आतून गेलीय. टप तुमच्यासमोर दोनदा पूर्ण उघडून लावायला सांगा. आणि विकणाऱ्याला विचारून टपावर पाच मिनिटं पाणी मारा, मग आत बसा.

यातलं टपाचं कापड जुनं असणं, काच धुरकट असणं, रबर कडक होणं, हे सगळं चालेल, किंमत कमी करून घ्या आणि बदला, हे सुटे भाग आहेत. पेटीतला गंज आणि भिजलेलं वायरिंग मात्र घेऊ नका, गाडी कितीही आवडली तरी. ते शोधत शोधत दुरुस्त करायला लागतं, कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि तोवर पुढचा पाऊस येतो.